‘आई, दोनच मिनिटं बोलू का?’

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

मी पाणीपुरवठा प्रकल्पांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. वय ३८. १४ महिन्यांपूर्वी माझ्याकडे एका मोठ्या प्रकल्पाचे प्रमुखपद आले. काम अवघड आहे आणि खरे सांगायचे तर मला ते मनापासून आवडते. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा चार वर्षांचा. पतीही नोकरी करतात, पण त्यांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत. ते मनाने चांगले आहेत; ‘तू सांग, मी करतो’ म्हणतात आणि सांगितलेले करतातही. तरीही संध्याकाळी मी घरी येते ती पार पिळवटून गेलेली असते. शरीराने घरी असते, डोक्यात आराखडे चालू असतात. मुलांवर ओरडते आणि ती झोपली की मला रडू येते. गेल्या महिन्यात मुलगी माझ्या लॅपटॉपजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, दोनच मिनिटं बोलू का?’ मी मान वर केली, तर तिच्या हातात एक चिठ्ठी होती. काय काय बोलायचे त्याचे मुद्दे तिने लिहून आणले होते. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. प्रमुखपद सोडून मागच्या जागेवर परत जावे का? पुढच्या टप्प्यासाठी कंपनीला महिनाअखेरीस माझा होकार हवा आहे. मी वाईट आई आहे का?

उत्तर:

स. न.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या चिठ्ठीपाशी अडखळले. ती तुम्हाला आरोपपत्रासारखी वाटली असणार, हे मी समजू शकते. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. आई आपले ऐकेल ही आशा ज्या मुलाने सोडून दिलेली असते, ते मूल मुद्दे लिहून आणत नाही. ते बोलायचेच थांबते, आणि घरात सगळे कसे शांत आहे म्हणून मोठी माणसे निर्धास्त होतात. तुमच्या मुलीला तुमच्याशी बोलायचे आहे, तुम्ही ऐकाल असा तिला भरवसाही आहे. फक्त त्यासाठी तयारी करून यावे लागते, असे तिने आपल्या मनाशी ताडले आहे. बदलायचे आहे ते हे शेवटचे, आणि ते बदलण्याजोगे आहे. तुम्ही वाईट आई नाही. पण एवढ्या दिलाशावर उद्याची संध्याकाळ निभणार नाही, म्हणून पुढचे जरा सविस्तर लिहिते.

प्रमुखपद सोडावे का, असे विचारताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की अडचण तासांची आहे आणि तास मोकळे झाले की घर सावरेल. तुमचे पत्र तुम्हीच पुन्हा वाचून पाहा. ‘घरी यायलाच मिळत नाही’ असे तुम्ही कुठेही म्हटलेले नाही. ‘शरीराने घरी असते’ असे म्हटले आहे. जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्युटेल या दोन अभ्यासकांनी १९८५ साली नोकरी आणि कुटुंब यांच्यातील ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले होते, आणि इतक्या वर्षांनंतरही ती मांडणी मला उपयोगाची वाटते. पहिला प्रकार वेळेचा: एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहता येत नाही. दुसरा ताणाचा: एका ठिकाणचा शिणवटा, काळजी आणि चिडचीड आपल्याबरोबर दुसऱ्या ठिकाणी जाते. तिसरा वागण्याच्या रीतीचा: एका ठिकाणी जी रीत गुण ठरते, तीच दुसऱ्या ठिकाणी बोचते. तुमचे पत्र बहुतांशी दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, आणि ती चिठ्ठी तिसऱ्या प्रकारातली आहे. आराखड्यातली चूक पटकन हेरणे, समोरच्याला ‘मुद्द्याचे बोल’ म्हणणे, दहा मिनिटांत निर्णय देणे, यांवर तुमचे प्रमुखपद उभे आहे. मुलीने ती रीत पाहिली आणि आईपर्यंत पोचण्याची वाट हीच असावी असे समजून ती मुद्दे लिहून घेऊन आली.

म्हणूनच मागच्या जागेवर परत गेल्याने हे सुटेल, अशी खात्री मला देता येत नाही. तास थोडे कमी होतील. पण आवडते काम हातचे गेल्याची खंत घेऊन तुम्ही घरी याल, आणि ती खंतही ताणच आहे. एलन गॅलिन्स्की यांनी अमेरिकेत हजारावर मुलांना विचारले होते की आईवडिलांच्या नोकरीचा तुमच्यावर जो परिणाम होतो त्यातली एकच गोष्ट बदलता आली, तर कोणती बदलाल. १९९९ साली त्यांनी हे निष्कर्ष मांडले. मुले ‘आमच्याबरोबर जास्त वेळ’ असे म्हणतील, असा पालकांचा अंदाज होता. मुलांनी सर्वांत जास्त मागितले ते वेगळेच: आईवडील इतके थकलेले आणि ताणलेले नसावेत. याचा अर्थ वेळेला किंमत नाही असा मुळीच नव्हे. चार वर्षांच्या मुलाला आई नुसती जवळ बसलेली असणे लागते, आणि त्या बसण्याला पर्याय नाही. पण जवळ बसलेली आई आतून गैरहजर असेल तर मुलांना ते आपल्या अंदाजाच्या फार आधी कळते, एवढे त्या उत्तरांवरून धरून चालावे.

तेव्हा पहिले काम कचेरी आणि घर यांच्यामधल्या उंबरठ्याचे. सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला, की त्याचे थोडे लक्ष पहिल्याच कामापाशी अडकून राहते. पुढे २०१८ साली त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी यावरचा उपायही तपासून पाहिला: काम सोडण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिले काय करायचे, हे दोन ओळींत लिहून ठेवले तर ते अडकणे पुष्कळ कमी होते. अपुरी कामे मनात घिरट्या घालतात ती बहुधा विसरून जाण्याच्या भीतीने. ती कागदावर नेमकी उतरली की मन त्यांची राखण सोडून देते.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी जिन्यावर शिकले. माझी मुले लहान होती तेव्हा मी एका प्रयोगशाळेत तपासणी अहवालांवर शेवटची सही करण्याचे काम करीत असे. एक आकडा चुकला तर त्याचे परिणाम कोणा अनोळखी माणसाच्या उपचारांवर होणार, ही धास्ती मी रोज बरोबर घेऊन येई. एके संध्याकाळी दार उघडल्याबरोबर माझा सहा वर्षांचा मुलगा धावत आला आणि त्याने मूठ उघडून मला काहीतरी दाखवले. मी ‘छान, ठेवून दे’ म्हणाले. त्याने विचारले, ‘कुठे ठेवू?’ आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याच्या हातात काय आहे हे मी पाहिलेलेच नाही. त्याचा पहिला पडलेला दात होता. दुसऱ्या दिवसापासून मी घराच्या अलीकडच्या मजल्यावर, जिन्याच्या पायरीवर बसू लागले. हातात किल्ली, मांडीवर वापरलेल्या कागदाची पाठकोरी बाजू. कोणता अहवाल राहिला, कोणाला फोन करायचा, उद्या सकाळी पहिला कोणता नमुना पाहायचा, एवढे लिहायचे, कागद दुमडून पिशवीच्या तळाशी ठेवायचा आणि मग वर जायचे. सात-आठ मिनिटे लागत. घरी सात-आठ मिनिटे उशिरा पोचत होते, पण पोचत होते.

तुमच्यासाठी ही पायरी कुठे असेल ते तुम्ही ठरवा. कचेरीतली शेवटची दहा मिनिटे असतील, बसमधला शेवटचा थांबा असेल, उभी केलेली गाडी असेल. घरातून काम करीत असाल त्या दिवशी तर याची गरज अधिक, कारण तिथे मध्ये रस्ताच नसतो. लिहा मात्र हाताने आणि नेमके. ‘पंपगृहाचा आराखडा बघणे’ असे लिहून मन मोकळे होत नाही. ‘उद्या साडेनऊला पंपगृहाच्या तिसऱ्या नकाशातली पातळी तपासून अमक्याला कळवणे’ असे लिहिले की होते.

आत गेल्यावरची पहिली वीस मिनिटे तपासणीची नसावीत, हे मी आग्रहाने सांगते. अभ्यास झाला का, दप्तर असे का पडले आहे, हात धुतले का, हे प्रश्न आपण काळजीपोटी विचारतो. पण दिवसभर वाट पाहिलेल्या मुलाच्या वाट्याला आईचे पहिले वाक्य म्हणून चौकशी येते. धाकट्याजवळ जमिनीवर बसा. तो जे खेळत असेल त्यात तो सांगेल तेवढेच करा. फोन पिशवीतच राहू द्या, कारण समोर पालथा ठेवलेला फोनही आपले लक्ष मागत राहतो. आणि एखाद्या रात्री काम करणे खरोखर भाग असेल, तर ते मुलांना घड्याळ दाखवून सांगा: ‘साडेआठ ते साडेनऊ मी काम करणार, दार लावलेले असेल, साडेनऊला बाहेर येईन,’ आणि साडेनऊला खरेच बाहेर या. लॅपटॉप मुलांच्या मध्ये उघडून एका कानाने ‘हं, हं’ करत राहणे सर्वांत महाग पडते. त्यात काम दुप्पट वेळ घेते आणि मुलांना आईचा प्रत्येक क्षण झगडून मिळवावा लागतो. लावलेले दार मुले सहन करू शकतात. उघड्या दारातून न पोचणारी आई त्यांना समजत नाही.

आता तुमच्या पतींच्या त्या वाक्याकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या थकव्यातला फार मोठा वाटा तिथे आहे आणि तुम्ही त्याचा उल्लेख जवळजवळ कौतुकाने केला आहे. ‘तू सांग, मी करतो.’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते यात शंका नाही. पण त्यात करण्याचे काम एकाकडे जाते आणि सांगण्याचे दुसऱ्याकडे राहते, आणि सांगणे हे काम आहे असे दोघांनाही वाटत नाही. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ अभ्यासिकेने ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ साली घरातल्या या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग दाखवले: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, ठरवणे आणि झाले की नाही यावर नजर ठेवणे. ठरवण्याचा भाग जोडप्यांत बराचसा वाटला जात होता. आधी ओळखणे आणि नंतर नजर ठेवणे हे दोन्ही टोकांचे भाग मुख्यतः स्त्रियांकडे होते.

तुमच्या मुलाच्या बुटांचे उदाहरण घेऊ. खेळताखेळता तो मध्येच बूट काढून टाकतो आणि पायाची बोटे चोळतो, हे कोणाच्या लक्षात येते? बूट लहान झाले आहेत, नवीन मापाचे लागतील, शाळेचा क्रीडादिवस आठ दिवसांवर आहे म्हणजे त्याआधी आणायला हवेत, नवे बूट टाचेला चावतात म्हणून दोन दिवस घरात घालायला लावले पाहिजेत, हे कोणाच्या डोक्यात चालते? मग तुम्ही सांगता आणि ते जाऊन बूट आणतात. त्यांनी काम केले, हे खरेच आहे. पण त्या कामाचे सारे अदृश्य टोक तुमच्या डोक्यात, जलवाहिन्यांच्या नकाशांच्या शेजारी पडून होते. असे बूट किती, लशीच्या तारखा किती, मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या भेटी किती, ग्रंथालयात परत करायची पुस्तके किती, याची मोजदाद एकदा बसून करा. तुम्ही कचेरीत एक प्रकल्प चालवता असे म्हणता, चालवता दोन. आणि ‘तू सांग, मी करतो’ असे १४ महिने म्हणत राहिलेला सहकारी तुमच्या कचेरीतल्या गटात असता, तर तुम्ही त्याला केव्हाच एखादा भाग पूर्णपणे सोपवून दिला असता.

घरातही तेच करायचे आहे. कामे वाटू नका, जबाबदाऱ्या सोपवा. उदाहरणार्थ, मुलांचे आरोग्य संपूर्ण त्यांच्याकडे: लसीकरण, दातांची तपासणी, औषधाची शेवटची मात्रा, मूल आजारी पडले तर त्या दिवशी रजा कोण घेणार याचा पहिला विचार, आणि डॉक्टरांचे म्हणणे लक्षात ठेवणे, सगळे. किंवा शाळा संपूर्ण त्यांच्याकडे: शाळेच्या नोंदीत संपर्काचा पहिला क्रमांक त्यांचा, शाळेचे निरोप त्यांच्या फोनवर, पालकसभेची तारीख त्यांच्या दिनदर्शिकेत. त्यांच्या वेळा ठरलेल्या असल्यामुळे हे त्यांना तुमच्यापेक्षा सोपे जाण्याचा संभव आहे. याबद्दल बोलायचे ते रात्री रडून झाल्यावर नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी सकाळी, मुले खेळत असताना, समोर कोरा कागद ठेवून. तुमच्या डोक्यात आहे ते सगळे दोघांनी मिळून उतरवा. ‘तू काहीच करत नाहीस’ असे म्हणू नका. ते तुमच्याच पत्राप्रमाणे खरे नाही, आणि खोट्या वाक्याला माणूस पुरावे देत बसतो. ‘सांगण्याचे काम मला आता झेपत नाही’ असे म्हणा.

यानंतरचा भाग तुम्हाला अवघड जाईल. सोपवलेल्या गोष्टीवर नजर ठेवायची नाही. ते विसरतील. एखाद्या दिवशी मुलगा रंगीत कपड्यांच्या दिवशी गणवेश घालून शाळेत जाईल आणि हिरमुसून परत येईल, आणि तुम्हाला आदल्या रात्रीच ते आठवलेले असेल. जिवाला धोका नसेल तिथे गप्प राहा. मी पाहिलेल्या घरांत जबाबदारी परत आईकडे येते ती बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या चुकीनंतर, ‘राहू दे, मीच करते’ या वाक्याबरोबर. ते वाक्य तोंडात आले तरी गिळा. ज्याला विसरण्याची झळ बसते, तोच लक्षात ठेवायला शिकतो. ती झळ तुम्ही दरवेळी स्वतःवर घेतलीत तर त्यांना शिकण्याचे कारणच उरत नाही.

(हे सदर वाचणाऱ्यांपैकी अनेक जण एकट्याने मूल वाढवत असतात आणि वरचा परिच्छेद वाचून त्यांना उदास वाटू शकते. त्यांच्यासाठी उत्तर वेगळे आहे: तिथे सोपवण्यापेक्षा कमी करण्याला महत्त्व आहे, आणि एखादा भाऊ, बहीण, मैत्रीण किंवा शेजारी यांच्याकडे आठवड्यातला एक ठरलेला वार कायमचा मागून घेण्याला. त्यावर मी स्वतंत्रपणे लिहीन.)

कचेरीच्या बाबतीत थोडक्यात सांगते, कारण तिथली माणसे तुम्ही माझ्यापेक्षा चांगली ओळखता. रोज ‘आज लवकर निघू का’ असे विचारू नका. रोज मागितलेली परवानगी रोजची मेहेरबानी होऊन बसते. त्याऐवजी एकदाच, लेखी, नेमका प्रस्ताव द्या. लेस्ली पर्लो यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत असा प्रयोग केला होता आणि २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: गटातल्या प्रत्येकाला ठरावीक सुट्टी सक्तीची, काही गटांत आठवड्यातला एक अख्खा दिवस तर काहींत एक संध्याकाळ, आणि त्या वेळात त्या माणसाशी कोणी संपर्क साधायचा नाही. अशा कामात हे शक्यच नाही असे आधी सर्वांना वाटत होते. पण ती वेळ पाळण्यासाठी गटाला एकमेकांच्या कामाची माहिती ठेवावी लागली, आधी बोलावे लागले, आणि कामाविषयीचे समाधान आणि आपसांतला संवाद दोन्ही सुधारले. तुम्ही गटप्रमुख आहात, म्हणजे हे तुम्ही सर्वांसाठी सुरू करू शकता. फक्त आईसाठी सवलत असे त्याचे रूप राहत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुम्ही उपलब्ध नसाल, त्या वेळी निर्णय कोण घेईल त्याचे नाव ठरलेले असेल, आणि सहा आठवड्यांनी याचा आढावा घेतला जाईल, असे मांडा. तातडी कशाला म्हणायचे तेही लिहून काढा. चाचणी चालू असताना जलवाहिनी फुटली तर तातडी. नकाशातल्या एका दुरुस्तीबद्दल कोणाला रात्री सुचले, तर ती तातडी नव्हे. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या स्त्री-पुरुष कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८१ साली स्वतंत्र करार केला आहे, क्रमांक १५६. तो दाखवून कोणाशी भांडा, असे मी सांगत नाही. पण तुमची अडचण ही तुमची खासगी उणीव आहे असे मनातल्या मनात मानून तुम्ही त्या बैठकीत जाऊ नये, म्हणून त्याची आठवण दिली.

महिनाअखेरीच्या होकाराबद्दल माझे मत असे. निव्वळ होकार देऊ नका आणि निव्वळ नकारही नको. वरच्या अटींसह तीन महिन्यांचा होकार द्या आणि नंतर पुन्हा बोलू, असे सांगा. कंपनीने अटी ऐकूनही घेतल्या नाहीत, तर ती माहितीही तुमच्या निर्णयाला उपयोगी पडेल. आणि तीन महिने घरात, कचेरीत हे सगळे खरोखर करून पाहिल्यावरही तुम्ही झोपेविना तळमळत असाल, धाकटा पुन्हापुन्हा रात्री दचकून उठत असेल, मोठीने बोलणे कमी केले असेल, तर प्रमुखपद सोडण्यात मला कसलाही पराभव दिसत नाही. मुले लहान असण्याची वर्षे थोडी असतात आणि अशी पदे पुढे पुन्हा मिळवता येतात. नेहमी नव्हे, पण बऱ्याचदा. मात्र तो निर्णय पाहून आणि मोजून घेतलेला असावा. रात्री अकरा वाजता अपराधी वाटून घेतलेला असू नये.

रडण्याबद्दल एक सावधगिरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या वर्गीकरणात कामाच्या दीर्घकाळच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती आटून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तुम्ही काम आवडते असे लिहिता, म्हणजे दुसरे लक्षण मला दिसत नाही आणि ही आशेची बाब आहे. पण रडू जवळजवळ रोज येत असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन रमत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदाही येऊन गेला असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

राहिले ओरडणे. वरचे सगळे केल्यावरही तुम्ही अधूनमधून ओरडाल. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्हे बाळ यांच्यातल्या देवघेवीचे अनेक वर्षे बारकाईने निरीक्षण केले. निरोगी, प्रेमळ जोड्यांमध्येही दोघांचे सूर सतत चुकत असतात, असे त्यांना आढळले. मुलाच्या वाढीसाठी मोलाचे ठरते ते चुकलेला सूर पुन्हा जुळवणे. म्हणून ओरडल्याबद्दल रात्री उशीत तोंड खुपसून रडण्यापेक्षा जिच्यावर ओरडलात तिच्याशी बोला. धाकट्याशी लगेच, त्याच जागी, त्याच्या उंचीवर बसून. मोठीशी दुसऱ्या दिवशी सकाळी बोललात तरी चालेल: ‘काल मी तुझ्यावर ओरडले. तुझी चूक नव्हती. मी थकले होते, पण थकल्यावर ओरडणं बरोबर नाही.’ इथेच थांबा. ‘तूही जरा समजून घे ना’ असे जोडू नका आणि माफ केलेस का, असे विचारू नका. आईचे मन हलके करण्याचे काम नऊ वर्षांच्या मुलीवर टाकायचे नाही. ती काही न बोलता खेळायला निघून गेली तरी तुमचे बोलणे तिच्यापर्यंत पोचलेले असते.

शेवटी त्या चिठ्ठीविषयी. ती पाहून तुम्हाला काय वाटले ते तुम्ही लिहिले आहे, तिच्या हातात ती कशी होती तेही लिहिले आहे. तिच्यावर काय लिहिले होते ते मात्र लिहिलेले नाही. पत्र लहान ठेवायचे म्हणून राहिले असेल. पण मला अशी शंका येते की त्या संध्याकाळी तुम्ही इतक्या हबकलात की ते मुद्दे ऐकायचेच राहिले. तसे असेल तर आजच तिला विचारा, आणि कामाबद्दलचे कोणतेही वचन देण्याआधी विचारा. ‘त्या दिवशी तू चिठ्ठी आणली होतीस ना, ती माझी नीट ऐकायची राहिली, मला सांगशील?’ चिठ्ठी तिने कदाचित जपून ठेवली असेल. नसेल तर तिला आठवेल तेवढे पुरे. दिवा मालवून तिच्या शेजारी आडव्या व्हा, कारण अंधारात मुलांना आपल्या चेहऱ्याकडे पाहत बोलावे लागत नाही. मध्येच उपाय सुचवू नका, ‘मग तू बाईंना का नाही सांगितलंस’ असे म्हणू नका, ‘पुढचा मुद्दा कोणता’ असे तर अजिबात नको. शेवटचा मुद्दा सांगून ती थांबली, तरी लगेच उठू नका. चिठ्ठीवर न लिहिलेली गोष्ट बहुधा त्यानंतर येते.